मंगरूळच्या शिंक्यातलं कोहळं

दिवाळीच्या सुट्टीत मंगरूळपीरला निघाले म्हटल्यावर शाळेतल्या बरोबरीच्या मास्तरणी हसल्या. पचमढीची थंड हवा सोडून मंगरूळ? पण यमुनाबाईंचं बोलावणं होतं. माझ्या बालमैत्रिणीची ही थोरली बहीण. त्यांचा एकुलता एक मुलगा गजानन पलटणीत गेला, तेव्हापासून त्याची काही खबर नव्हती.

तुम्हीही निघालात तर मूर्तिजापूरला छोटी आगगाडी धरा. घाई असेल तर मात्र धरू नका. खिडकीतून फुटलेल्या कापसाची शेतं इतकी सावकाश सरकतात, की आपण जागे आहोत का, हेच कळेनासं होतं. सोबत दशम्या ठेवा. कारंज्याला चहा झकास मिळतो.

पुढे मोटार. लढाईमुळे पेट्रोल नाही, म्हणून मागे कोळशाची भट्टी लावलेली. चढावर ती थांबलीच.

"मेली का हो?" मी विचारलं.

"नाही बाई," ड्रायव्हर करीमभाई म्हणाले, "दम खाऊन राह्यली."

मला हसू आलं. मुलींना मी सजीवांची लक्षणं शिकवते. ही बया कोळसा खात होती, धापा टाकत होती, डुलत चालत होती. पिल्लं तेवढी घालायची राहिली होती.

संध्याकाळी पोचले. दर्ग्याच्या बाजूनं लोबानाचा वास येत होता. यमुनाबाईंनी ज्वारीची भाकर, वरण आणि ठेचा वाढला. चुलीपाशी शिंक्यात पांढुरकं कोहळं टांगलेलं होतं.

"गजाननानं लावलेल्या वेलाचं हाये. मागल्या दिवाळीपासून तसंच हाये."

"कापलं नाही?"

"कोहळ्याले बाईनं पयला घाव घालू नाही. जीव रायते त्यात. घरच्या माणसानंच कापा लागते. तो आला का मंग कापू." मग हळूच म्हणाल्या, "तुमी शिकोता ना बाई? सांगा, हाये का जीव अजून?"

नुसतं "आहे" म्हणून झोपावं, असं फार वाटलं. पण त्यांना अर्धवट सांगवेना. "आहे. तोडलं तरी ते श्वास घेतं. पण बाहेरून खायला मिळत नाही, म्हणून स्वतःलाच खात जगतं. एक दिवस सडेल. बियाही जातील."

त्यांनी चुलीतली लाकडं मागे ओढली.

सकाळी त्यांनी कोहळं खाली उतरवलं. शेजारच्या कुणा पुरुषाला बोलावू का, असं मी विचारलं.

"कायले? वेल माह्या पोराचा." त्यांनी हात जोडले आणि विळी पुढे ओढली. 

कोहळं उघडलं. आत बिया अंधारातच उगवल्या होत्या! पांढऱ्या मुळ्या एकमेकींत गुंतलेल्या, फिकट पानं दुमडून बसलेली.

"अगं माय," यमुनाबाई पुटपुटल्या, "म्या थांबवून ठेवलं, अन् हे थांबलंच नाही." त्या रडल्या. मीही रडले. मग न्हाणीच्या पाण्यावर आळं करून आम्ही एकेक कोंब लावला.

अमरावतीला परतून मी फळ्यावर पुन्हा तीच लक्षणं लिहिते: खातो, श्वास घेतो, वाढतो. लिहिताना ती वाकलेली फिकट पानं डोळ्यांपुढे येतात आणि यादी तोकडी वाटते. मुलींना काय सांगावं, अजून सुचलेलं नाही.

परवा माझी ती बालमैत्रीण बहिणीकडे जाऊन आली. वेल छपरावर चढलाय. यमुनाबाई स्वतः कोहळी कापून आळीत वाटतात. गजाननाची खबर नाही. त्याच्यासाठी एखादं शिंक्यात ठेवलंय का, असं हिनं विचारलं.

"कायले?" त्या म्हणाल्या. "तो आला का वेलावरचं ताजं तोडीन."