चौकटीवरचा क्रूस
कुणी वाळक्या झावळ्या पेटवल्या की त्या वासानं मला छावणीतलं आमचं दगडी चर्च आठवतं. मी नुकतीच लग्न होऊन तिथं आले होते. झावळ्यांच्या रविवारी मिळालेला शिंदीच्या पात्याचा क्रूस वर्षभर घरात लावायचा आणि पुढच्या राखेच्या बुधवाराआधी परत द्यायचा, अशी आमची रीत. ते क्रूस जाळून केलेली राखच पाळकसाहेब कपाळाला लावत. त्या वर्षी क्रूस गोळा करायचं काम माझ्याकडं आलं आणि मी नको तेवढ्या हुरूपानं घरोघर फिरले. चर्चची घंटा वाजवणारे काका पावसाळ्यात वारले होते. त्यांची बायको घरी नव्हती, दार नुसतं लोटलेलं होतं. चौकटीवरचा क्रूस मी न विचारताच काढून पिशवीत टाकला. बुधवारी उपासना संपल्यावर तिनं मला पायरीवर गाठलं. "पोरी, माझा क्रूस तू नेला व्हय?" "व्हय मावशी, सगळ्यांबरोबर जाळला." ती मटकन खाली बसली. दरवर्षी सगळ्या मंडळीचे क्रूस काकाच विणायचे, हे मला ठाऊक होतं. तिच्या घरात त्यांच्या हातचं तेवढंच उरलं असेल, हे डोक्यातच आलं नाही. मी रडायला लागले. तिनं स्वतःच्या कपाळावरच्या राखेला अलगद बोट टेकवलं. "सगळेच त्यांनी केलते ना? मग ही बी त्यांच्याच हातची." चर्चमधून एकेक माणूस बाहेर येत होता आणि ती प्रत्येकाच्या कपाळाकडं बघत होती. मी आता तेव्हाच्या तिच्याहून म्हातारी झाले. राखेच्या बुधवारी अजूनही दिवस मावळेपर्यंत तोंड धूत नाही.