क्रुसावरचा हात

दिराने भिंतीवरचा क्रूस खिळ्यावरून काढला आणि माझ्यापुढे धरला. "ठेव हात, वयनी."

सासूने ठेवला होता, माझ्या नवऱ्यानेही. दीर ग्रामपंचायतीला उभा होता. गावात दुसरे लोक बेलभंडारा उचलून मताचा शब्द देत; आपण कॅथलिक, म्हणून त्याने क्रूस काढला. गायरानावरच्या झोपड्या उठवायच्या, या बोलीवर मोठ्या शेतकऱ्यांनी त्याला पॅनलमध्ये घेतलं होतं. त्यातल्या एका झोपडीत पारबता राहायची. माझ्यासोबत शेतात निंदायला यायची. ती आपल्या धर्माची नव्हती.

"हात जळते का तुया?" दीर म्हणाला.

"जळत नाही. पण पारबताले उठवाले मी देवाले साक्ष ठेवत नाही."

नवरा हळूच म्हणाला, "ठेवून दे ना. मंग मत दे कोनाले बी. आत कोन पायते?"

मी क्रुसाकडे बोट केलं. "हा पायते."

"फादरपेक्षा शायनी झाली," सासू म्हणाली.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण आई सांगायची, क्रुसावर हात ठेवायचा तर खऱ्यासाठी, नाहीतर दुरून हात जोड. तेवढं कळायला चौथी पुरते.

दीर निवडणुकीत पडला. मी मत कोणाला दिलं हे कोणी विचारलंच नाही. हात ठेवला नाही, तेवढ्यावर निकाल लागला. आधी आमची चूल वेगळी झाली, मग सामान जीपमध्ये चढलं. दर्यापूरला नवऱ्याने ते उतरवून घेतलं. अमरावतीच्या बसमध्ये बसल्यावर म्हणाला, "एक हातच तं ठेवाचा होता." मरेपर्यंत अधूनमधून हेच म्हणायचा.

अमरावतीत मी एका शाळेत झाडझूड केली, पोरं वाढवली. आता दारात नळ आहे, घरात गॅस आहे. गावासाठी मी रडले नाही. इथंही मतदान आलं की मोबाइलवर मेसेज येतात, आपल्या माणसाला द्या. आपला कोण, ते मी बघते. सून विचारते, "आई, कोनाले देलं?" मी सांगत नाही. त्या वेळचंही कोणाला सांगितलेलं नाही.

गावी राहिलेल्या दिराच्या पोरांनो, नाताळ आला की तुम्ही निरोप धाडता, घरी या. घर तुमचं आहे, तुम्ही राहा. गायरानावरच्या झोपड्या पुढच्या निवडणुकीनंतर उठल्याच. माझ्यामुळे काही थांबलं नाही. पारबताही इकडे आली, मागच्या गल्लीत राहते. संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसते, माझाच तंबाखू खाते आणि माझ्याच चहाला नावं ठेवते. मला घर विचाराल तर तो ओटा.

क्रूस धरणारा गेला, त्यावर हात ठेवणारेही गेले. देवाने शिक्षा केली असं कोणी म्हणू नका. वयं झाली होती. त्या वेळची आता मी आहे आणि पारबता आहे.