ताटाचा फोटो

भाकरीचा फोटो काढणं हे मोठं कटकटीचं काम आहे. मी वर्ध्याला शाळेत चित्रकला शिकवते. उजेड कुठून येतो, सावली कुठं पडते, हे पोरांना ओरडून ओरडून सांगते. पण ज्वारीच्या एका भाकरीनं माझी पार जिरवली. वरून काढला की पापड दिसायचा, बाजूनं काढला की गोवरी. शेवटी ती अर्धी मोडली, शेजारी कांदा ठेवला, तेव्हा कुठं ती भाकरीसारखी दिसायला लागली. मागून आई म्हणाली, "काढ बाई फोटो. पार थंडी झाली का मंग खाजो."

हा सगळा खटाटोप बाबांसाठी होता. हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. हात परत आला, पाय काठीच्या आधारानं परत आला, बोलणं मात्र आलं नाही. आमचं देवळीत कापडाचं दुकान. साडी घ्यायला आलेल्या बाईला आधी तिच्या माहेरचा पाऊस, सासऱ्याचा गुडघा आणि लेकीचं बाळंतपण विचारून व्हायचं, मग बाबा गाठोडं सोडायचे. अशा माणसाच्या तोंडात एकच शब्द उरला, 'हाव', म्हणजे आमच्याकडचा 'हो'. समजत सगळं होतं, पण बाहेर पडायचं ते एवढंच. पाणी हवं असलं तरी हाव, नको असलं तरी हाव. रागाचा हाव वेगळा, कंटाळ्याचा वेगळा, आणि आम्ही ओळखण्यात चुकलो की तिसराच. तो शेजारपाजारी ऐकू जायचा.

वर्ध्याच्या दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, चित्रं दाखवा, त्यांना बोटानं दाखवू द्या, हळूहळू शब्दही येतील. मात्र त्यांचं मन उडू देऊ नका, एकदा माणूस आत मिटून बसला की त्याला बाहेर काढणं फार अवघड जातं. त्यांनी एक तक्ताही दिला. त्यात बशीतला कप होता, चौकोनी पाव होता, टाय लावून हसणारा एक बाप होता. नायलॉनला रेशीम म्हणून खपवायला आलेल्या एजंटाकडं बघावं तसं बाबांनी त्या तक्त्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. त्यांच्या घरात कधी नव्हत्याच त्या वस्तू, तर ते मागणार तरी कशा? तेव्हा मी ठरवलं की आपल्याच घरातल्या वस्तूंचे फोटो काढायचे आणि घरीच छापायचे.

उन्हाळ्याची सुट्टी लागली तसा मी माझा प्रिंटर चादरीत गुंडाळला, मांडीवर घेतला आणि बसनं देवळीला आले. "टीव्ही हाये का?" कंडक्टरनं विचारलं. मी हो म्हटलं. कुठं समजावत बसता!

पहिल्या दिवशी मी हौसेनं चकचकीत कागद वापरला. फोटो देखणे आले, पण बाबांनी कुठलाही हातात धरला की त्यात वरची ट्यूबलाइटच चमकायची. मग वर्ध्याहून जाड, न चमकणारा, मॅट कागद मागवला. त्याचं पहिलं कार्ड मी बाबांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी फोटोकडं बघितलंच नाही. अंगठा आणि तर्जनीमध्ये कागदाचा कोपरा धरून चोळला, जसं ते जन्मभर ठाणातलं कापड चोळत आले होते. मग मान डोलावून म्हणाले, "हाव." कागद पास झाला. मला इतकं भरून आलं की मी शाई तपासायचं निमित्त करून प्रिंटरमध्ये तोंड खुपसलं.

त्यानंतर मी सुटलेच. चष्मा, काठी, पंखा, जेवणासाठी वाढलेलं ताट, न्हाणीघर, अंगणातला कडुनिंब, दाढी करायला घरी येणारा न्हावी, भाऊ, वहिनी, मी. स्टीलच्या पेल्याचा फोटो काढला तर त्यात पाणी दिसेना, मीच दिसायला लागले, फुगलेले गाल आणि फाकलेलं नाक. आजारपणानंतर बाबा पहिल्यांदा हसले ते तो फोटो बघून. आम्ही तो तसाच ठेवला. पाणी हवं असलं की ते माझं ते ध्यान उचलून दाखवायचे. एकदा निळी शाई संपली आणि वांगी लालभडक निघाली. ती आईनं टोमॅटोच्या गठ्ठ्यात टाकली.

प्रिंटर आलाय ही बातमी फुटायला वेळ लागला नाही. वहिनीनं डाळींचे फोटो छापून घेतले आणि डब्यांवर चिकटवले, कारण मी दर वेळी तुरीच्या जागी हरभरा काढून देते असं तिचं म्हणणं. भावानं नव्या साड्यांचे फोटो छापून दुकानाच्या काचेवर लावले. शेजारच्या काकूंनी आपल्या म्हशीचा मोठा फोटो मागितला आणि तो फ्रेम करून गोठ्यात टांगला. म्हैस आपलाच फोटो बघत रवंथ करते, असं त्या कौतुकानं सांगायच्या.

आणि बाबा! त्यांना त्या कार्डांनी जुना चावटपणा परत दिला. 'दुकान' म्हणून मी आमच्या दुकानाचा फोटो काढला होता, पण तो काढला दुपारी, शटर बंद असताना. भेटायला आलेला एखादा पाहुणा फार वेळ बसून आपल्याच आजारांचं पुराण सांगायला लागला की बाबा शांतपणे ते बंद शटरचं कार्ड काढून त्याच्यासमोर धरायचे. पाहुण्याला वाटायचं, बिचाऱ्याला दुकानाची आठवण येते. तो डोळे पुसायचा आणि आणखी बसायचा. आम्ही मात्र आत जाऊन हसून घ्यायचो.

सगळ्यांचं कार्ड झालं, आईचं तेवढं नव्हतं. तिनं काढूच दिलं नाही. आमच्याकडं एकट्या माणसाचा मोठा फोटो म्हणजे तो माणूस गेला, त्याला भिंतीवर लावायचं, हार घालायचा, अशीच समजूत. "मी जित्ती हाओ ना अजून? एकटीचा फोटो कायले?" ती म्हणाली. मी म्हटलं, अगं, काकूंची म्हैसही जिवंत आहे. तर म्हणाली, "मंग म्हशीचेच काढत जाय. आन् मी तं चोवीस घंटे इथंच राह्यतो याईच्या पुढं. मले बलवाले कागद कायले लागते?" खरंच, ती कायम समोरच असायची.

सगळं बरं चाललं होतं, आणि ताटाचं भांडण सुरू झालं.

दुपारी आई बाबांना जेवू घालायची. जेवण झालं, हात धुतले, की बाबा गठ्ठ्यातून ताटाचं कार्ड काढायचे आणि आईकडं सरकवायचे. आई भाकरी आणायची. ते रागाचा हाव म्हणून ढकलून द्यायचे आणि पुन्हा तेच कार्ड सरकवायचे. भात आणला, ढकलला. ताट उचलून नेलं तर कार्डावर बोट आपटायला लागले. मला वाटलं, यांना दुसरं काहीतरी खायचंय आणि त्याचं कार्ड नाही. म्हणून मी स्वयंपाकघरच छापून काढलं. झुणका, पाटवडी, भरलं वांगं, कढी, ठेचा, आंब्याचा रस. बाबा एकेक कार्ड बघायचे, बाजूला ठेवायचे आणि परत ताटावर यायचे. रोज दुपारी हेच. शेवटी त्यांचा आवाज चढायचा, घामाघूम व्हायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडायचे.

आईनं यातून आपला अर्थ काढला. आधी मीठ कमी केलं, मग वाढवलं. तेल बदललं. ज्वारी दुसऱ्या दुकानातून आणवली. रोज नवं काहीतरी करून त्यांच्या तोंडाकडं बघत बसायची. एका दुपारी पाटवडीचा रस्सा तसाच परत आला तेव्हा ती कढई घासायला बसली आणि घासतच राहिली.

"याईले आता माया हातचं गोड लागून नाई राह्यलं," ती म्हणाली.

"असं काऊन म्हणतेस?" मी म्हटलं. वर्ध्याला राहून राहून मी पुस्तकी बोलते, पण त्या घरात जीभ आपोआप वळते.

"मंग काय म्हणू? जलम गेला याईचे डबे भरता भरता, कधी उष्टा घास नाई आला घरी. उद्यापासून सुनेच्या हातचं वाढा. मी नाई येत समोर."

आईनं चूल सोडायची भाषा करावी, हे मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मला तिचा राग आला, बाबांचा आला, त्या प्रिंटरचाही आला. त्यात बाबांनी दुसऱ्या दिवशी कार्डांचा गठ्ठा उपडा करून उशीखाली सारला. पाणी हवं होतं तरी माझं ध्यान दाखवलं नाही, ओठ कोरडे घेऊन तसेच पडून राहिले. माणूस आत मिटून बसतो म्हणजे काय, ते मला तेव्हा दिसलं आणि मी घाबरले. आम्हाला न समजलेल्या एका गोष्टीपायी बाबा सगळंच बोलणं टाकून देणार होते, आणि आई आपला स्वयंपाक.

त्याच सुमारास बँकेनं आईकडं पासपोर्ट आकाराचे फोटो मागितले. बँकेपुढं तिची समजूत चालेना. ती पदर सारखा करून पांढऱ्या भिंतीपुढं बसली, इतकी ताठ, जणू डॉक्टर सुई टोचणार आहे. मी छोटे फोटो एका कागदावर मांडले, तर अर्धा कागद कोरा राहत होता. एवढा चांगला कागद वाया घालवणं माझ्या जिवावर आलं. म्हणून मी उरलेल्या जागेत तोच फोटो मोठा करून टाकला, कार्डाच्या आकाराचा. आईला सांगितलं नाही. छापला, कापला आणि शाई वाळावी म्हणून बाबांच्या दिवाणाजवळच्या स्टुलावर ठेवून दिला. मग विसरूनही गेले.

दुपारी वहिनीनं ताट वाढलं. आई म्हटल्याप्रमाणे समोर आली नाही, स्वयंपाकघराच्या दारात पाठमोरी उभी राहून लसूण सोलत होती. बाबा मुकाट्यानं जेवले. मी हात धुवायला तांब्या पुढं केला, तर त्यांची नजर स्टुलावर गेली. ओल्या हातानंच त्यांनी तो फोटो उचलला. बराच वेळ बघितला. कागद चोळला नाही. उशीखालचा गठ्ठा ओढून काढला, पत्ते पिसल्यासारखे भराभर उलटे करत ताट शोधलं, ते दिवाणावर ठेवलं आणि त्या ताटावर आईला ठेवलं.

"हाव?" ते म्हणाले. असा हाव आम्ही याआधी ऐकला नव्हता. तो प्रश्न होता.

"काय म्हणून राह्यले?" आईनं दारातून विचारलं. फोटो दिसला तशी ती तरातरा आली. "हे कायचं छापलं तुनं, पोरी? आन् ताटावर काऊन ठेवलं मले? मीच वाढाव, असंच ना?"

"हाव!" हा मात्र नाहीचा होता. बाबांनी मान जोरजोरात हलवली. आईच्या फोटोवर बोट ठेवलं, मग ताटावर, मग खऱ्या आईकडं केलं. आणि आपल्या शेजारची दिवाणावरची जागा तळहातानं थोपटली. पुन्हा थोपटली.

मला आधी कळलं की वहिनीला, सांगता येत नाही. आम्ही एकमेकींकडं बघितलं. आई केव्हा जेवते, हे आम्हा दोघींपैकी कुणालाच सांगता आलं नसतं. बाबांचं आवरून, औषधं देऊन, भांडी काढून, कधीतरी ओट्यापाशी उभ्यानं, उरलेल्यातलं काहीतरी. आम्हाला ते इतकं सवयीचं होतं की दिसतही नव्हतं. आणि बाबा आयुष्यभर दुपारचा डबा दुकानात खाणारे. दुपारचं घर त्यांनी आजारी पडल्यावरच पहिल्यांदा बघितलं होतं. दिवाणावर पडल्या पडल्या त्यांना रोज दिसत होतं की आपलं ताट येतं, हिचं येत नाही. त्यांना काहीच खायला नको होतं. ते रोज विचारत होते, तू जेवलीस का, आणि ती बिचारी दर वेळी त्यांनाच आणखी एक भाकरी वाढत होती.

आईलाही कळलं. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग काहीतरीच झाला. तिनं पदरानं नाक पुसलं आणि एकदम भांडणाच्या सुरात म्हणाली, "आता सुचलं का हो तुमाले? इतक्या वर्षांनं?"

"हाव," बाबा म्हणाले.

"मी जेवतो ना मांगून. मले कुठं घाई हाये?"

बाबांनी पुन्हा जागा थोपटली. या वेळी हात तिथंच ठेवला, उचललाच नाही.

आई बसली. दिवाणावर नाही, ते तिला लाजेचं वाटलं. खाली जमिनीवर, दिवाणाला टेकून, त्यांच्या हाताला लागून. वहिनीनं ताट वाढून आणलं. आईनं तोंड जरा भिंतीकडं फिरवलं, कारण नवऱ्यासमोर जेवायची तिला सवय नव्हती, आणि पहिला घास घेतला. बाबा तिच्या पाठीकडं बघत होते. पंखा फिरत होता. मग आईनं मागं न बघता ताट थोडं पुढं सरकवलं. जन्मभर सगळ्यांना वाढत आलेल्या माझ्या आईनं मला म्हटलं, "अर्धी अजून वाढ वं."