पितांबरची पीजे आणि पहूरची मावशी

लग्नात उखाण्यात नाव घ्यायला लावलं तेव्हा मी लाजले होते. आता लिहिताना लाजायचं काही कारण नाही. माझ्या नवऱ्याचं नाव पितांबर. जामनेरला त्याचं मोटारींचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी जळतात, त्यांना नवी तार गुंडाळून तो त्या परत चालू करून देतो. हाताला यश आहे, जिभेला मात्र गंज चढलेला. माझ्याशी बोलतो त्यापेक्षा जास्त तो रेल्वेशी बोलतो, आणि ती रेल्वे आमच्या पुढच्या खोलीत आहे.

घर बांधलं तेव्हा त्या खोलीत दिवाण ठेवायचा असं ठरलं होतं. दिवाण अजून दुकानदाराकडेच आहे. त्याच्या जागी भिंतीपासून भिंतीपर्यंत फळ्या आल्या, फळ्यांवर रूळ आले, रुळांशेजारी जामनेरचं स्टेशन आलं, आणि केळीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून कापलेले डबे त्यावर फिरू लागले. शेतातली कपाशी म्हणजे माझ्या उशीतला कापूस. पाहुणे आले की त्यांना स्वयंपाकघरात पाटावर बसवते आणि सांगते, पुढे गाडी उभी आहे.

ही गाडी म्हणजे आमची पीजे, पाचोरा ते जामनेर धावणारी, छोट्या रुळांची. तिच्या वेगाबद्दल काय सांगावं? सायकलवाले तिच्याशी शर्यत लावायचे, आणि जिंकून पुढच्या स्टेशनावर चहा पीत तिची वाट पाहायचे. कोरोनाच्या टाळेबंदीत ती थांबली ती थांबलीच. मोठे रूळ टाकायचे आहेत म्हणे. लोक हळहळले आणि बसने जाऊ लागले. पितांबरने मात्र करवत आणि फेविकॉल आणला.

त्याला एवढं लागण्याचं कारण पहूरला राहतं. त्याची आई तो रांगत असतानाच गेली. आईच्या बहिणीने, यशोदामावशीने, त्याला स्वतःच्या झुलालबरोबर वाढवलं. पहूर काही विलायतेत नाही, पीजेच्याच वाटेवरचं गाव, पण मावशीला बस लागते. आणि बस सुटल्यावर नव्हे, बस दिसल्यावर लागते. जीपचं, रिक्षाचंही तेच. त्यामुळे ती आयुष्यभर पीजेनेच हिंडली, आणि पीजे थांबली तशी तीही थांबली. आमच्या वास्तुशांतीला आली नाही. पितांबर दर महिन्याला पहूरला जायचा, तेव्हा म्हणायची, "गाडी सुरू होऊ दे, मंग येते तुझं घर पाह्यले."

घराच्या मागच्या बाजूला, पूर्वेला खिडकी असलेली खोली त्याने तिच्यासाठी बांधून घेतली होती. ती रिकामीच होती. तिथे मी पापड वाळत घातले तरी त्याला चालायचं नाही. मावशी थकत चालली होती, आणि ती घर न पाहताच जाईल या भीतीने हा माणूस आतून पोखरला होता. बोलत नव्हता, पण रात्रंदिवस ज्याच्याजवळ राहायचं त्याचं न बोललेलंही ऐकू येतंच.

असल्या छोट्या रेल्वेवाल्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. भुसावळचे नवलभाऊ त्याचे मुखिया, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. कुणी पुण्याचा डॉक्टर, कुणी नागपूरचा कंत्राटदार. परदेशातून इंजिनं मागवणारी मंडळी. त्यांच्यात एक रीत आहे. फोटो असा काढायचा की गाडी खरी वाटली पाहिजे, आणि फोटोखाली मजकूरही खऱ्यासारखाच लिहायचा: अमुक गाडी तमुक फलाटावर येत आहे. मग बाकीचे हिरवा कंदील दाखवतात, प्रवासी होऊन भांडतात, डब्यात पंखा चालत नाही म्हणून तक्रारी करतात. पन्नाशी उलटलेले पुरुष! घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, तशी माझी गत. एक पितांबर आवरेना, तर रोज त्या सगळ्यांचे फोटोही पाहायचे.

दिवाळीनंतर एका सकाळी ऊन अगदी तिरपं आत आलं. पितांबरने फळीवर गाल टेकवला, खिडकीतलं खरं आभाळ मागे धरलं आणि फोटो काढला. मी पाहिला आणि, खोटं का बोलू, माझ्याही अंगावर काटा आला. स्टेशनावर सावल्या पडलेल्या, कडुनिंबाखाली कोवळं ऊन, आणि वळणावरून पीजे येतेय. त्याने खाली लिहिलं, 'आज सकाळी पीजे जामनेरला वेळेवर पोहोचली.'

ग्रुपवर नुसती दिवाळी झाली. पुण्याच्या डॉक्टरांनी टाळ्या पाठवल्या. नवलभाऊंनी लिहिलं, 'पीजे वेळेवर? म्हणजे गाडी नक्कीच खोटी.' पितांबर एकटाच हसत बसला होता. त्याला असं हसताना मी फार दिवसांनी पाहत होते, म्हणून पोहे गार झाले तरी मी काही बोलले नाही. त्या आनंदात त्याने तोच फोटो, त्याच मजकुरासकट, आपल्या स्टेटसला ठेवला. ग्रुपमधल्यांना रीत माहीत. बाकी जगाला कुठे माहीत?

दुपारी झुलालचा शेतातून फोन आला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकलं.

"दादा, गाडी पहूरले किती वाजता येते रे?"

"कोणती गाडी?"

"आता कोणती म्हणजे? पीजे. तूच तं टाकलं ना. मी सकाळीच आईले फोटो दाखवला अन् वावरात आलो. आता शेजारचे सांगू राह्यले, आई पिशवी घेऊन टेशनावर जाऊन बसली."

पितांबरच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने फटफटी काढली, मी मागे बसले. वाटेत एक शब्द बोलायचा नाही असं मी ठरवलं होतं. अर्ध्या रस्त्यापर्यंत ते पाळलंही, माझ्या मानाने ते पुष्कळ झालं.

स्टेशनावर गुडघाभर गवत होतं. बाकावर मावशी बसली होती. नवं लुगडं, डोक्याला तेल, मांडीवर पिशवी, बाजूला बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा. तिला बघून एक शेंगावालाही टोपली घेऊन आला होता, आणि दोघांचं काही वाईट चाललेलं दिसत नव्हतं. शेंगांच्या टरफलांचा ढीग पडला होता.

"मावशे, एवढं गवत दिसलं नाही का तुले?" पितांबर म्हणाला.

"गवताचं काय रे भो? ते आधी गाडी सोडता, मंग गवत काढता," मावशी म्हणाली. "तू कशाले आला? मी येतच व्हती ना तुझ्याकडं."

पितांबर तिच्या पायाशी खाली गवतात बसला. त्याने सगळं सांगितलं. पुठ्ठा, उशीतला कापूस, फोटो, ग्रुपची रीत. इतकं सलग बोलताना मी त्याला लग्नापासून ऐकलं नव्हतं. मावशी ऐकत राहिली. शेवटी तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि रुळांकडे पाहिलं. मला वाटलं, आता रडते. मला तर वाटलं, पितांबरच आधी रडतो.

"मी सगळ्या गल्लीले सांगून निघाली," ती म्हणाली. "दारोदार सांगितलं, चालली मी पितांबरकडं, गाडी सुरू झाली. आता कोणत्या तोंडानं माघारी जाऊ?"

मग तिची नजर फटफटीवर गेली.

"तुझी ही फटफटी," ती म्हणाली, "हळू चालती का?"

पितांबरने मान डोलावली. तिला फटफटीवर बसवायचं आजवर कुणाच्या मनातच आलं नव्हतं. लुगडं नेसणाऱ्या म्हाताऱ्या बाईला कोण विचारणार? शेंगावाल्याने आणि मी मिळून तिला चढवलं. आता माझ्यासाठी जागा राहिली नाही, म्हणून मी बिबड्यांचा डबा घेऊन बसने निघाले. वाटेत बसने त्यांना मागे टाकलं. मी खिडकीतून पाहिलं. पितांबर नवरी घेऊन चालल्यासारखा सावकाश चालला होता, आणि मावशीने दोन्ही हातांनी त्याला असं धरलं होतं की शर्टाची गुंडी तुटलीच असणार. मी बसमध्ये मोठ्याने हसले. शेजारची बाई सरकून बसली.

घरी आधी मी पोहोचले. भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन दारात उभी राहिले. मावशी उतरली, केस विस्कटलेले, डोळ्यांतून वाऱ्याने पाणी.

"मळमळलं का हो?" मी विचारलं.

"मळमळाले येळच कुठी व्हता, जीव मुठीत धरून बसली व्हती," ती म्हणाली.

मी तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. ती आत आली. पुढच्या खोलीतल्या गाडीकडे तिने पाहिलंही नाही. आधी स्वयंपाकघर पाहिलं, डाळीचे डबे उघडून आत डोकावली, न्हाणीघराचा नळ सोडून पाहिला. मग मागच्या खोलीत गेली. पूर्वेची खिडकी उघडली. भिंतीवरून हात फिरवला, आणि ती खोली कुणाची आहे हे तिला सांगावं लागलं नाही. पलंगावर ती बसली आणि पिशवी उशाशी ठेवली.

पितांबर दारातच उभा होता, खाली मान घालून. "मावशे, फसवलं मी तुले. राग आला का?"

"राग कशाचा, बाप्पा? गाडी खोटी व्हती, पण मी तं खरी आली ना."

पितांबर भिंतीला टेकून रडला, लहान पोरासारखा, हुंदके देऊन. मावशीने त्याला रडू दिलं. मग उठली, त्याचा हात धरून त्याला पुढच्या खोलीत घेऊन गेली, फळीजवळ खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "आता चालव तुझी गाडी, पाहू दे."

डोळ्यांतल्या पाण्याने त्याला बटण दिसेना. मग मीच पुढे झाले आणि गाडी सोडली.