पहिलं ताट बाहेरच्याचं

पाहुण्याला जेवू घालण्यात माझ्या सासऱ्यांइतका हट्टी माणूस आमचा जिल्हा परभणी होता तेव्हा झाला नाही आणि हिंगोली झाल्यावरही झाला नाही. गावभर त्यांचं कौतुक व्हायचं. त्या हट्टापायी घरची माणसं दुपारी दोन-दोन वाजेपर्यंत उपाशी बसायची, हे मात्र त्या कौतुकात कुणी सांगत नसे. म्हणून मी सांगते. मी त्यांची थोरली सून. लग्न होऊन जवळा बाजारला आले ती ऐन उन्हाळ्यात, आणि महिन्याच्या आतच बुद्धपौर्णिमा आली. पहाटे उठून सासूबाईंनी आणि मी अंगणात गोवऱ्यांचा विस्तव केला, त्यात बट्ट्या भाजल्या, वरण, वांग्याची भाजी, मोठं पातेलंभर खीर केली. पांढरे कपडे घालून सगळ्यांनी वंदना घेतली. अकरा वाजता मी ताटं मांडायला लागले, तर सासरे शांतपणे म्हणाले, "थांब सूनबाई. पहिलं ताट बाहेरच्याचं."

हा त्यांचा नियम होता. सणाला बाहेरचं एक माणूस जेवायला बसल्याशिवाय खिरीच्या पातेल्यावरचं झाकण उघडायचं नाही. जावई, व्याही, भाचे यांना ते बाहेरचे धरतच नसत. गल्लीतलाही चालत नसे, कारण गल्लीत सगळ्यांच्याच घरी त्या दिवशी खीर. ज्याच्या घरी आज सण नाही, तो बाहेरचा. लेकरं रडकुंडीला यायची, माझे यजमान वर्तमानपत्र चौथ्यांदा वाचायचे, आणि मामाजी (आमच्याकडं सासऱ्यांना मामाजीच म्हणतात) गल्लीच्या तोंडाशी जाऊन रस्त्याकडं बघत उभे राहायचे.

ते वाट बघायचे ती एकाच माणसाची. मामाजी गावातल्या शाळेत शिपाई होते आणि तिथल्या हेडगुरुजींशी त्यांची वीस वर्षांची संगत. घंटा मामाजींनी द्यायची, प्रार्थना गुरुजींनी सुरू करायची. दुपारी मामाजी चहा करायचे आणि दोघं व्हरांड्यात बसून बशीतून फुरके मारत प्यायचे. शाळेतला चहा चालायचा. आमच्या गल्लीतलं जेवण मात्र गुरुजींना कधी जमलं नाही. शाळेच्या निकालाच्या दिवशी मामाजी आवतण द्यायचे, गुरुजी मान हलवायचे, आणि पौर्णिमेला निरोप यायचा. कधी पोट बिघडलेलं, कधी वसमतला लग्न, कधी उपास. एवढे उपास तर गावातल्या बायकांनीही केले नसतील. एका वर्षी दाढ दुखतेय म्हणून निरोप आला, आणि त्याच दुपारी माझ्या यजमानांनी त्यांना रसवंतीवर बर्फ घातलेला उसाचा रस पिताना पाहिलं. माझं डोकंच फिरलं. मामाजी म्हणाले, थंडानं ठणका कमी होत असंल.

गुरुजी नाहीत म्हटल्यावर मामाजी टोपी चढवून एसटी स्टँडवर जायचे आणि कुणी उपाशी दिसतो का बघायचे. सापडलेल्या माणसाला ते पहिल्याच वाक्यात सांगून टाकायचे, की घर बौद्ध वस्तीतलं हाय, चालत असंल तर चला. काहींना ते ऐकताच गाडीची घाई व्हायची. त्यांच्याविषयी मामाजींनी कधी वाईट शब्द काढला नाही, पण मी काढले, मनातल्या मनात आणि भरपूर. जे यायचे ते मात्र जन्मभर आठवण ठेवतील असे जेवून जायचे. बांगड्यांची पेटी घेतलेला बांगडीवाला आला, तांड्यावरची बाजाराला आलेली म्हातारी आली. एकदा तर कंडक्टरच आणला. त्याची बस स्टँडवर उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि हा आमच्या ओसरीवर तिसरी वाटी खीर खातोय. शेवटी मामाजींनी ड्रायव्हरला डबा भरून पाठवला. हॉर्न थांबला. बस किती उशिरा सुटली ते विचारू नका, पण प्रवाशांपैकी दोघं-तिघं आमच्या घराचा पत्ता विचारून गेले.

वाढण्याचंही त्यांचं शास्त्र होतं. पाहुण्याचं पहिलं 'नको' लाजेचं, दुसरं रीतीचं, पोटाचं 'नको' तिसरं. तिसऱ्या 'नको'शिवाय पळी खाली ठेवायची नाही. ताटावर आडवा हात धरणाऱ्यांच्या हातावर खीर पडलेली मी स्वतः पाहिली आहे, आणि तो हात धुवायला पाणीही मीच दिलेलं आहे.

मामाजी नोकरीतून मोकळे झाले, पाठोपाठ गुरुजीही झाले, तरी आवतण थांबलं नाही. एका वर्षी निरोप ऐकून मी तोंड उघडलंच. म्हटलं, मामाजी, काहून स्वतःकडं कमीपणा घेऊन राहिले? एवढं गाव पडलंय. ते बराच वेळ टोपी झटकत राहिले. मग म्हणाले, "गाव जेवून गेलं, सूनबाई. पण वीस वर्षं ज्याला चहा दिला, त्याला एकदा जेवाय वाढायचं हाय मला." मी निमूट बट्ट्या परतून ठेवल्या.

पुढं गुरुजींची आई वारली. चांगली नव्वदीची होती. त्यानंतरची दोन वर्षंही निरोपच आला. तिसऱ्या वर्षी साडेअकराला मी सुपात बट्ट्या घेऊन वळते, तर दारात गुरुजी. धोतर इस्त्रीचं, हातात केळ्यांची फणी. निरोप घेऊन आलेलं पोरगं नव्हतं, स्वतः गुरुजी होते. मामाजी उठले, बसले, परत उठले. पाट मांडला. मी ताट वाढलं, मामाजींनी झाकण काढलं, आणि अख्ख्या तालुक्याला बळजबरीनं जेवू घालणारा हा माणूस पळी हातात धरून तसाच उभा. गुरुजींनी दोन घास खाल्ले आणि मान खाली घालूनच म्हणाले, "आई होती तवर हिंमत झाली न्हाई. आई गेल्यावर लाज वाटून राहिली."

मामाजींनी नुसती पळी पुढं केली. गुरुजी "नको" म्हणाले. आणि काय सांगू, मामाजींनी पळी खाली ठेवली की हो. पहिल्याच 'नको'ला! मला राहवलं नाही. मी पळी उचलली, म्हटलं मामाजी, हे लाजेचं 'नको' हाय, आणि वाटी काठोकाठ भरली. मग दोघंही हसले. हसताना मामाजींचे डोळे वाहत होते, माझेही, आणि धुराचं निमित्त सांगावं तर विस्तव कधीच विझला होता.

त्यानंतर पाच पौर्णिमा गुरुजी न चुकता आले. सहाव्या वर्षी मामाजी नव्हते. हिवाळ्यातच गेले. त्या पौर्णिमेला माझं मन कशातच लागत नव्हतं, तरी स्वयंपाक सगळा केला. गुरुजी अकरालाच काठी टेकत आले. मी पाट मांडला, ताट ठेवलं आणि झाकणाला हात घातला.

गुरुजी पाटावर बसलेच नाहीत. म्हणाले, "थांब सूनबाई. पहिलं ताट बाहेरच्याचं. मी आता बाहेरचा कुठं राहिलो?"

खुंटीवर मामाजींची टोपी होती, ती काढून त्यांनी डोक्यावर घातली आणि भर उन्हात काठी टेकत स्टँडकडं निघाले. लेकरं कुरकुरायला लागली, यजमानांनी वर्तमानपत्र उघडलं. मी झाकण तसंच राहू दिलं आणि दारात उभी राहिले. भूक तर अशी लागली होती, आणि कितीतरी महिन्यांनी मला जरा बरं वाटत होतं.