पाचवं वळं

काल रस्त्यात दिसलेल्या एका गाईच्या शिंगावरची वळी मी नकळत मोजली. प्रत्येक वेतामागे, म्हणजे गाईच्या बाळंतपणामागे, एक वळं, हे मामीने शिकवलेलं.

तिची चंद्री गाय बादली भरभरून दूध द्यायची, पण चार वेतांनंतर गाभणच राहीना. "वय झालं हिचं, विकू या," मामा म्हणाले. मामी शेण उचलता उचलता म्हणाली, "माझेही गुडघे गेलेत. मलाही न्या बाजारात!" मामांनी हसून गुरांच्या डॉक्टरांना रेतनासाठी शेवटचं एकदा बोलावलं.

एकवीस दिवसांनी चंद्री पुन्हा माजावर आली, म्हणजे गाभण राहिली नाही, तर विकायची होती. मामी रोज गोठ्यात डोकावायची. मी मागे उभी. पंचविसाव्या दिवसापर्यंत चंद्री माजावर आली नाही, तेव्हा मामीने माझा हात धरून शिंगाच्या बुडाशी ठेवला. पाचवं वळं तिथे यायचं होतं. ती गुळगुळीत जागा बोटांना अजून आठवते.