उजळ डागाचा मालक

माझ्या साडूचा मला हेवा वाटतो. लिहून टाका, म्हणजे मन हलकं होईल, असं बायको म्हणते. अजून तरी झालेलं नाही.

पनवेलमध्ये माझं टीव्हीच्या पॅनेलचं दुकान आहे. दहावी नापास झाल्यावर दुसऱ्याच्या बाकड्यावर बसून टीव्ही दुरुस्त करायला शिकलो. आज रोडपालीला माझं स्वतःचं गोडाऊन आहे. न्हावा शेवा बंदरात उतरणाऱ्या मालातले कंपन्यांनी नाकारलेले पॅनेल मी लॉटने उचलतो. या धंद्यात दोन गोष्टी पाळायच्या. डाग दिसला की भाव पाडायचा, आणि माल कुठून आला ते कोणाला सांगायचं नाही.

साडू डिस्प्लेच्या कंपनीत इंजिनिअर आहे. माझ्या मेव्हणीचा नवरा, माझ्याहून सात वर्षांनी लहान. सासऱ्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. ते शाळेत गणित शिकवायचे. मला मुलगी देताना त्यांनी शिक्षण विचारलं, उत्तर ऐकलं आणि चहा सांगायला आत निघून गेले. साडू पहिल्यांदा घरी आला तेव्हा मात्र चहा थंड होईपर्यंत त्याच्याशी बोलत बसले. मी तिथेच होतो. दुसरा कप मागवून मीच दिला.

तीनेक वर्षांपूर्वी एक लॉट आला. बऱ्याच पॅनेलांच्या वरच्या कोपऱ्यात तळहाताएवढा उजळ डाग होता. विकणाऱ्यावर मी इतका ओरडलो की त्याने हात जोडले आणि मी म्हणेन तो भाव मान्य केला. दुकानात आल्यावर एक पॅनेल सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. भाव पाडून झाला तरी डाग कशाचा ते मला कळावं लागतं, ही माझी खोड.

पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा एक बारीक ठिपका. डागाबाहेरच्या प्रत्येक पिक्सेलला कडेने काळी किनार होती. डागातल्या पिक्सेलला ती नव्हती, कडेपर्यंत उजेड. मागचा दिवा दोन्हींना एकच. मी पुन्हा पुन्हा बघितलं. मग मनात आलं, हा डाग कसला? डाग तर बाकीचा सगळा पडदा आहे!

रविवारी साडू आला तेव्हा त्याला दाखवलं.

"अरे, अख्खा पडदाच असा का नाही करत तुम्ही लोक?"

तो बराच वेळ डोळा लावून बसला. "दादा, हे पॅनेल मी नेऊ?"

"ने. पण कुठून मिळालं ते कुठे बोलायचं नाही. अगदी घरातसुद्धा नाही. माझी शपथ."

घरचे आहेर सोडून आयुष्यात कोणाला काही फुकट दिलं असेल तर ते एक पॅनेल.

यंदा त्याला त्या डागावरून पेटंट मिळालं. अण्णांनी नवीन पनवेलच्या घरी सगळ्यांना जेवायला बोलावलं. मी ठरवून गेलो होतो की आपण विषय काढायचा नाही. आधी बोलतो तो घाट्यात जातो. त्याने आपणहून अण्णांसमोर माझं नाव घ्यावं, एवढंच मला हवं होतं.

साडूने ताटातला पापलेटचा काटा उचलून ताटाच्या कडेला ठेवला.

"अण्णा, पिक्सेलवरचा इलेक्ट्रोड असा असतो. मधे कणा, बाजूंना फांद्या. काचेसारखा पारदर्शक. त्याला वीज दिली की द्रवस्फटिक, म्हणजे लिक्विड क्रिस्टल, कलतात आणि उजेड पुढे येतो. पण फांद्यांची टोकं मोकळी असली की तिथे ते वेडेवाकडे कलतात आणि कडेला काळं पडतं. आम्ही टोकं एका बारीक पट्टीने जोडून टाकली."

"वा! आणि हे सुचलं कुठून?"

मी घास खाली ठेवला.

"एका व्यापाऱ्याकडे एक रिजेक्ट पॅनेल बघायला मिळालं. त्याच्या डागात ही टोकं चुकून जोडली गेली होती."

बायकोने टेबलाखाली माझा पाय दाबला. उपयोग झाला नाही.

"एका व्यापाऱ्याकडे? त्या व्यापाऱ्याला नाव नाही, गाव नाही? रस्त्यावर भेटला का तो तुला?"

"दादा, तुम्हीच शपथ घातली होती," तो हळूच म्हणाला.

ते खरं होतं, म्हणून माझा जास्तच तिळपापड झाला. गप्प बसलो तर माझा शोध गेला. बोललो तर माझ्या दुकानात काय येतं ते घरभर होणार.

"अण्णा, तो व्यापारी मी. पॅनेल माझ्या लॉटमधलं."

अण्णांनी भिंतीवरच्या टीव्हीकडे बघितलं. तो मीच त्यांना साठीशांतीला दिला होता.

"मग हाही त्याच लॉटमधला?"

"हो."

"म्हणजे वरच्या कोपऱ्यात उजळ दिसतं..."

"तो डाग आहे."

"अहो, त्यापायी मी दोनदा डोळे तपासून आलो! डॉक्टर म्हणाले, काही नाही. मी म्हटलं, यांना काही कळत नाही."

मेव्हणीला ठसका लागला. "भाऊजी, चष्मासुद्धा बदलला हो त्यांनी!"

सगळे हसले. साडूही हसला. अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"तुम्हाला नेमकं काय दिसलं, ते सांगा."

मी सांगितलं. किनार, उजेड, एकच दिवा, मनात आलेला प्रश्न, सगळं. टोकांचं मला ठाऊक नव्हतं, ते त्याने शोधलं, हेही सांगितलं. अण्णा एकदाही मधे बोलले नाहीत. इतका वेळ ते माझं पहिल्यांदाच ऐकत होते. माझं संपलं तसे ते साडूकडे वळले.

"बरोबर आहे का हे?"

"बरोबर," साडू म्हणाला.

अण्णांनी समाधानाने मान हलवली आणि मला अजून भात वाढायला सांगितलं.